नीटचा तिसरा प्रयत्न आणि आजीची वही

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची. नीटचे दोन प्रयत्न झाले. तिसऱ्यासाठी लातूरला क्लास लावला, अर्धी फी भरली. आता म्हणते, बायोकेमिस्ट्रीत बीएस्सी करून वेदनेवर संशोधन करायचंय. डॉक्टर न होता वेदनेवर कसलं संशोधन? अभ्यास सोडून आजीजवळ वही घेऊन बसते. तिची समजूत कशी घालावी? – एक पालक

उत्तर : तुमच्या पत्राची दोन पानं नुसती मार्कांची आहेत. प्रत्येक टेस्ट तारखेसकट, फिजिक्स लाल शाईत. मुलीचं म्हणणं मात्र दीड ओळीत, तेही तक्रार म्हणून. मला मार्कांपेक्षा या दीड ओळीची काळजी वाटते. ‘आमची दोन वर्षं वाया गेली’ असं लिहिलंय तुम्ही. पैसे तुमचे गेले, कबूल. वर्षं तिची गेली. आणि ‘नातेवाइकांना काय सांगू’ हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. मोजलं मी.

चिडून तुम्ही वहीच्या एका पानाचा फोटो जोडलात, ते बरं केलंत. आजींना नागीण होऊन गेली, फोड वाळले, पण कळा राहिल्या. पानावर लिहिलंय : ‘पदर नुसता लागला – आग. पंख्याचा वारा – आग. तळहाताने दाबून धरलं – सोसतं.’ हलका स्पर्श जाळतो आणि घट्ट दाब चालतो, हा फरक पोरीने कुणी न सांगता टिपलाय. स्पर्शाचीच वेदना होण्याला अ‍ॅलोडिनिया म्हणतात, आणि ती का होते यावर जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे. पंख्याचा वारा वेगळा नोंदवायचं मला तरी सुचलं नसतं.

आता तुमचा गैरसमज. उष्णता आणि स्पर्श (आणि त्यातूनच वेदना) शरीराला कसे कळतात, या शोधासाठी २०२१ चं वैद्यकाचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्यापैकी एकही एमबीबीएसच्या वाटेने गेलेला नाही. ज्युलियस यांची पीएचडी बायोकेमिस्ट्रीतली, आणि तीही यीस्टवर! मिरची खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’ का, हा त्यांचा प्रश्न. मज्जापेशींतल्या जनुकांचे तुकडे त्यांच्या गटाने मिरचीला दाद न देणाऱ्या पेशींत घातले आणि कोणता तुकडा आला की पेशी मिरचीला जागते ते शोधलं. १९९७ मध्ये टीआरपीव्ही१ हे प्रथिन हाती लागलं. तेच साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेलाही जागं होतं. म्हणजे ठेचा खाऊन आपण ‘आग आग’ म्हणतो, ते मज्जातंतूंच्या हिशेबाने अक्षरशः खरं. मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सायसिन या द्रव्याचीच तीव्र पट्टी आज नागिणीनंतरच्या कळांवरही वापरतात. रुग्ण डॉक्टर तपासतो हो, पण त्याच्या हातातलं औषध कुठून येतं?

वाट सांगतो. बीएस्सी बायोकेमिस्ट्री, केमिस्ट्री किंवा झूलॉजी. मग जॅम वा सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी. पुढे पीएचडीसाठी नेट-जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी परीक्षा) किंवा टीआयएफआर-एनसीबीएस या संशोधन संस्थांची परीक्षा. आयसर पुणे या विज्ञान-संशोधन संस्थेचे दरवाजे बारावीनंतर मोजकीच वर्षं उघडे असतात, नियम आजच बघा.

हुरळून जाऊ नका मात्र. जेआरएफला दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि कायमची जागा पस्तिशीच्या आसपास, तीही मिळाली तर. स्पर्श ओळखणारं पिएझो प्रथिन शोधताना पटापुटियन यांच्या गटाने ७२ जनुकांची यादी काढली आणि एकेक बंद करून पाहिलं. असे ‘नाही, नाही’ चे महिने तिला झेपतील का, हे तिला विचारा. एमबीबीएस हुकलं म्हणून ‘निदान डॉ. तरी लागेल’ असा हिशेब तुमच्या मनात असेल, तर नकोच.

क्लासचा दुसरा हप्ता भरू नका. तिला मी समजावणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पोस्टात टाका. आणि आजींना एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या पेन क्लिनिकमध्ये दाखवा. या कळांवर नेहमीच्या पेनकिलरने फारसं भागत नाही, वेगळी औषधं असतात. जाताना ती वही बरोबर न्या, डॉक्टरांना उपयोगी पडेल.