माना गेला, फोकस आला: हंटरचा हिशोब कुठं बदलला

"रॅथमध्ये हंटर मस्त चालायचा, कॅटाक्लिझममध्ये आल्यापासून फोकस सारखा संपतोय, क्लासच सोडू का?" असं तू वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमबद्दल विचारलंस. रॅथ आणि त्यानंतरचं कॅटाक्लिझम हे या गेमचे विस्तार; हंटर हा बाण-गोळ्यांनी लढणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार. सोडू नको, भावा. मी दोन्हीकडं हंटरच खेळलोय. तुझा हात बिघडलेला नाही, हिशोब बदललाय: शॉट मारायला आधी माना नावाची शक्ती खर्च व्हायची, आता फोकस खर्च होतो.

तू परभणीकडचा आहेस, म्हणून आपल्याच रानातलं सांगतो. माना म्हणजे विहीर. आज उपसलं नाही तर उद्या कामाला येतं. रॅथमध्ये लढाईभर माना पुरवायचा, तळ दिसायला लागला की माना भरून देणारा अ‍ॅस्पेक्ट ऑफ द व्हायपर लावायचा, डॅमेज निम्मं झालं तरी सोसायचं. फोकस म्हणजे जायकवाडीचं पाटाचं पाणी. आवर्तन आलं आणि सारे पाडलेले नसले, दारं धरायला माणूस नसला, की पाणी पुढं निघून जातं. ते साठवता येत नाही. फोकस 100 वर पोचला की पुढचा सगळा वाया.

म्हणजे पूर्वी रिकामं होणं ही चूक होती, आता भरून राहणं ही चूक आहे. तू रिकामा होतोस याची काळजी करतोयस, पण फोकसचा बार (पट्टी) रिकामा दिसणं हे बहुतेक वेळा काम चालू असल्याचं लक्षण आहे. फक्त मुख्य शॉटचा कूलडाउन (तो पुन्हा मारता येईपर्यंतचा वेळ) संपेल तेव्हा त्याच्यापुरता फोकस हातात पाहिजे. कॅटाक्लिझममध्ये एक्स्प्लोझिव्ह शॉटला 50 लागतात, ते आधी बाजूला धर. उरलेल्यातून आर्केन शॉट, त्याला 25.

आता आकडे. फोकस आपोआप सेकंदाला 4 येतो, स्टेडी किंवा कोब्रा शॉट 9 देतो. हेस्ट (वेग वाढवणारा गुण) धरला नाही तर दोन सेकंदांच्या एका कोब्रात 8 आणि 9, असे 17 मिळतात. म्हणून पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणेत, एखाद्या शॉटची किंमत 5 ने कमी झाली तर ती बारीक गोष्ट समजू नको. असे तीन-चार शॉट मारलेस की एक अख्खा कोब्रा वाचतो, आणि त्या जागी दुसरा शॉट बसतो. डॅमेजचा आकडा तोच राहतो, पण रोटेशन, म्हणजे शॉट मारायचा क्रम, बदलतं. पॅच नोट्स वाचताना मी डॅमेजच्या टक्क्यांआधी किंमत आणि कूलडाउन बघतो, ते यासाठीच.

माना जाऊन फोकस आला त्याच बदलात बाण-गोळ्या खर्च होणं थांबलं आणि हंटरला इंटेलेक्टची (माना वाढवणाऱ्या गुणाची) गरज उरली नाही. जुनं गिअर (हत्यारं, चिलखत) तपासून घे. हेस्टचं मोल मात्र वाढलं, कारण त्यानं फोकसही लवकर भरतो.

आपल्याकडून सर्व्हर लांब, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त. त्यामुळं बार 95 वर जाईपर्यंत थांबू नको, 75-80 लाच आर्केन सोड. गेम पुढचा शॉट आधीच रांगेत घेतो, मूळ सेटिंग 400 मिलिसेकंदांची आहे, तेव्हा कास्ट संपायच्या जरा आधी बटण दाब. पिंग जास्त असलेल्यांना याचा फार फायदा होतो.

आज डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) पाच मिनिटं मार आणि बार किती वेळा 100 ला टेकला तेवढंच मोज. आकडा इथं टाक, मग गिअर बघू.