सांता नाही हे तिला कळलं, आता काय सांगू?

काकू,
माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. धाकटा पाच वर्षांचा. ती केजीत होती तेव्हापासून दर २४ डिसेंबरच्या रात्री आम्ही तिच्या उशाशी सांताचं गिफ्ट ठेवतो. त्याआधी ती सांताला पत्र लिहायची. मी ‘पोस्टात टाकते’ म्हणून ते घ्यायची आणि जपून ठेवायची. यंदा दिवाळीच्या साफसफाईत कपाटातल्या फाइलमध्ये, तिच्या लसीकरणाच्या कार्डासोबत, तिला ती सगळी पत्रं सापडली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मग म्हणाली, "तू खोटं बोलून राहिली होती ना आई?" आणि लगेच, "आबा तारा झाले, तेपण खोटंच का?" माझे सासरे मागच्या वर्षी गेले. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘सांताकाका, मला स्केचपेन दे आणि आबांना बरं कर.’ ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आता वाटतं, तिला सांगावं की खरा सांता उत्तर ध्रुवावर असतो, सगळीकडे जाणं जमत नाही म्हणून आईबाबांवर काम सोपवतो. तिचं बालपण इतक्या लवकर संपू नये. सासूबाई म्हणतात, "आपल्यात कुठं होता हा सांता?" आणि ही लहान्याला सांगून टाकेल, ही भीती वेगळीच.
— एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

प्रिय मैत्रिणी,

‘आबांना बरं कर’ ही ओळ वाचली आणि पुढचं पत्र वाचायला मला वेळ लागला. सांताचं बोलूच, पण आधी या ओळीचं बोलायला हवं.

तुझी लेक दोन दिवस गप्प होती ती काही लाल डगलेवाला म्हातारा गेला म्हणून नाही, असं मला वाटतं. तिनं आजवरची सगळ्यात मोठी मागणी त्या कागदावर लिहिली होती. स्केचपेन आले, आबा बरे झाले नाहीत. तेव्हा तिनं मनाशी काहीतरी हिशोब लावला असणार. पत्र पोचलं नसेल, किंवा आपणच शहाण्यासारखं वागलो नसू. या वयाची मुलं घरातल्या आजारपणाचा, मरणाचा दोषसुद्धा गुपचूप स्वतःवर घेतात, आणि मोठ्यांना पत्ता लागत नाही. आता तिला कळलं की पत्र पोचलं होतं, ते आईनं वाचलं होतं, आणि वाचून आई काहीच बोलली नव्हती.

म्हणून ते पत्र काढ आणि तिच्याजवळ बस. लहाना झोपल्यावर, घाई नसताना. सांग तिला, "हे मी वाचलं होतं. वाचून रडले होते. आबांना बरं करणं माझ्या हातात नव्हतं, डॉक्टरांच्याही नव्हतं. तुझ्याशी तेव्हाच बोलायचं होतं, पण धीर झाला नाही. तुझ्या वागण्याचा आणि आबांच्या जाण्याचा काहीही संबंध नाही." हे शेवटचं वाक्य ती विचारो न विचारो, सांगच. बाथरूममध्ये रडलीस ते लपवू नकोस. तिचं म्हणणं कोणाच्या तरी काळजाला भिडलं होतं, हे तिला कळू दे.

ताऱ्याचंही तसंच. "आबा वारले, ते परत येणार नाहीत, हे खरं. माणूस गेल्यावर त्याचं काय होतं ते कोणीच बघून आलेलं नाही. मला त्यांची आठवण आली की मी वर बघते, म्हणून तुला तसं म्हटलं." एवढं पुरे. नऊ वर्षांच्या मुलीला हे पेलतं. तिला पेलत नाही ते विचारल्यावर आईनं विषय बदलणं.

आता उत्तर ध्रुव. हे तेवढं करू नकोस, कळकळीनं सांगते. पोरीनं स्वतःच्या अक्षरातली पत्रं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि त्यावरून बरोबर अनुमान काढलं. आता तिला नवी गोष्ट सांगणं म्हणजे ‘तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर ठेव’ असं म्हणणं. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी ती काही विचारायला तुझ्याकडे यावी असं वाटतं ना? मग तिनं सरळ विचारलेल्या प्रश्नाला आज सरळ उत्तर हवं. "हो, आम्हीच ठेवत होतो. तुझा चेहरा बघायला आवडायचं म्हणून. पण खोटं बोललो हेही खरं, आणि तुला राग येणं बरोबर आहे." वर हेही म्हण, "तू फार छान विचार करून शोधून काढलंस." ही पाठ थोपटायला विसरू नकोस.

बालपण इतक्या लवकर संपू नये, असं तू लिहितेस. अमेरिकेत टेक्सासमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सांतावरचा विश्वास उडालेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी ते बोलले. बहुतेक मुलांना साधारण सातव्या वर्षी, आपलं आपणच कळलं होतं, आणि मुलांनी सांगितलेल्या भावना मुख्यतः चांगल्या होत्या. दुःख झालं होतं ते आईवडिलांना. तुझी लेक नवव्या वर्षापर्यंत पोचली म्हणजे चांगलीच रमली होती. तुझ्या मनातली हुरहुर खरी आहे, पण ती तुझी आहे. ती तिच्या नावावर टाकू नकोस.

आणि गंमत संपते म्हणतेस, तर आपल्या नागपूरच्या तान्ह्या पोळ्याकडे बघ ना! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, खाली चाकं. बैल लाकडाचा आहे हे तीन वर्षांच्या पोराला माहीत असतं. दुकानातून आणताना तोच बरोबर असतो. तरी सकाळपासून त्याला सजवतो, आईकडून ओवाळून घेतो, पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडापाशी धरतो आणि दोरी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातो. दारातल्या काकू बैलाच्या पाया पडतात. कोणी कोणाला फसवलेलं नसतं, आणि आनंद तसूभरही कमी नसतो. त्याच दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. पिवळी मारबत १८८५ पासून निघते म्हणतात. बांबू-कागदाचा तो पुतळा बापाच्या खांद्यावरून बघताना पोरं घाबरतातही आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतातही. महालक्ष्म्यांच्या दिवशी उंबरठ्यापासून निघालेली पावलं आजीच्या मुठीची असतात, वर बोटाचे पाच ठिपके, हे तुझ्या लेकीनं कितीदा पाहिलं असेल. तरी ‘महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावली’ म्हणताना तिचा आवाज चढतोच ना? माहीत असूनही मानता येतं, हे आपल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. सांताचंही तिला तसंच जमेल. फक्त आता ती खेळात तुमच्या बाजूनं असेल.

ज्यांच्यावरून हा सांता आला, त्या खऱ्या निकोलसची गोष्ट तिला सांग. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात, मायरा गावी, निकोलस नावाचे बिशप होते. गोष्ट अशी सांगतात की एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा द्यायला पैसे नव्हते. निकोलस रात्री जाऊन खिडकीतून सोन्याची पुरचुंडी टाकून आले, कोणाला कळू न देता. ती वाळत घातलेल्या मोज्यात पडली, आणि मोज्यात भेट ठेवायची चाल त्यावरूनच आली म्हणतात, आणि त्या सोन्याची आठवण म्हणून पाश्चात्त्य घरांत मोज्याच्या टोकाशी एक संत्रं ठेवतात. संत्रं! डिसेंबरात ते आपल्याकडे कुठंही मिळेल. ही गोष्ट ऐकून तिला काय सुचतं ते बघ. कदाचित वॉचमनच्या मुलीसाठी, कदाचित समोरच्या एकट्या आजोबांसाठी काहीतरी दाराशी ठेवून पळून यावंसं वाटेल. वाटलं तर मदत कर, नाही वाटलं तर राहू दे.

लहान्याबद्दल: ‘त्याला सांगशील तर बघ’ असा दम देऊ नकोस. खोटं बोलण्याची ड्युटी तिच्यावर लादू नकोस. "त्याला अजून मजा येते. यंदा त्याचं गिफ्ट तू आमच्यासोबत पॅक करशील का?" असं विचार. या वयाच्या मुलींना गुपितात घेतलेलं फार आवडतं. त्यानं तिला सरळ विचारलं, तर ‘आईला विचार’ म्हणायची मुभा दे, आणि तो तुझ्याकडे आला की त्यालाही खरंच सांग. रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं तर रागावू नकोस.

सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस. त्यांचा माणूस जाऊन वर्षच झालंय. सांतावरच्या बोलण्याआडून दुसरंच काही बोलत असतील. नाताळ हा आपल्याच गावातल्या कितीतरी घरांचा सण आहे. जमलं तर सदरमधल्या चर्चची रोषणाई आणि येशूच्या जन्माचा देखावा बघायला सासूबाईंसह सगळे जा. आबांविषयीचं ते पत्र त्यांनाही दाखव, पण लेकीला विचारून.

यंदा २४ तारखेला उशाशी काही ठेवायचं का, हे तिलाच विचार. ‘ठेव’ म्हणाली तर ठेव, आणि चिठ्ठीवर सांताच्या जागी तुमचं नाव लिही. नको म्हणाली तर हातात दे. पण पत्राचं बोलणं त्या दिवसावर ढकलू नकोस, या आठवड्यातच कर. त्यातून आणखी प्रश्न निघाले आणि उत्तर सुचलं नाही, तर मला लिही.

तुझी,
काकू