फिनिक्सच्या घरात विंचू आणि झुरळं

प्रश्न: ताई, आम्ही नुकतेच अ‍ॅरिझोनात फिनिक्सला शिफ्ट झालोय. बाहेर ४५ डिग्री, बाथरूममध्ये झुरळं आणि परवा तर भिंतीवर चक्क विंचू! घरात रांगतं बाळ आहे त्यामुळे स्प्रे मारायची भीती वाटते, काय करू?

उत्तर: अगं, एवढ्या उन्हात त्यांनाही सावली आणि ओल हवी असते, ती तुझ्या घरात मिळते. तिकडचा बार्क स्कॉर्पियन फिकट रंगाचा असतो, भिंतीवर चढतो आणि क्रेडिट कार्ड जाईल एवढ्या फटीतून आत येतो, म्हणून आधी फटी बुजव, दाराखाली रबरी पट्टी लाव, पाइप भिंतीत शिरतात तिथे सीलंट भर. नुसत्या स्प्रेने विंचू सहसा मरत नाहीत.

झुरळं बऱ्याचदा ड्रेनमधून येतात. न वापरलेल्या बाथरूमच्या ट्रॅपमधलं (ड्रेनखालच्या वाकड्या पाइपातलं) पाणी तिथल्या कोरड्या हवेत पटकन आटतं आणि गटारातून वर यायचा रस्ताच मोकळा होतो, त्यामुळे दर आठवड्याला तिथे मगभर पाणी ओतायचंच. झुरळांचं जेल बाळाचा हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात. झुरळं कमी झाली की विंचवाचं खाणंही कमी होतं, हा बोनस!

रात्री यूव्ही टॉर्च मारून बघ, विंचू हिरवट चमकतो (नवऱ्याला हे काम आवडेल). पाळणा भिंतीपासून लांब ठेव, बूट झटकूनच घाला. आणि बाळाला डंख झालाच तर कांदा-चुना करत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या, तिकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत यावरचं अँटिव्हेनम (विष उतरवणारं औषध) असतं.