पाळी जाण्याच्या वयातला त्रास डॉक्टर मनावर घेत नसतील तर काय करावं?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: वय ४६, सात-आठ महिन्यांपासून पाळी कधी २२ दिवसांनी येते, कधी ४० दिवसांनी. आली की खूप जाते. रात्री अंगातून वाफा निघून घामाने जाग येते, मधेच छातीत धडधडतं. डॉक्टरांनी एकदा रक्त तपासलं, ‘हार्मोन नॉर्मल आहेत, या वयात होतंच, मन रमवा’ असं सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

ताई, ‘या वयात होतंच’ हे खरं आहे, पण ते उत्तर नाही. वयामुळे चाळिशी लागते, म्हणून कुणी चष्मा नाकारत नाही. तुमचा त्रास अंगावर काढण्यासारखा नाही आणि त्यावर उपचार आहेत.

आधी त्या ‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल, कारण बहुतेक बायका तिथेच गप्प होतात. तपासलेलं हार्मोन बहुधा एफएसएच असणार, म्हणजे बीजकोशांना कामाला लावणारं मेंदूकडून येणारं हार्मोन. या काळात बीजकोशांचं काम एकसारखं मंदावत नाही. एका महिन्यात इस्ट्रोजेन (बीजकोशांत तयार होणारं स्त्री-हार्मोन) भरपूर, तर पुढच्या महिन्यात एकदम कमी. त्यामुळे एफएसएच आज ८ आणि तीन आठवड्यांनी ४० असंही येऊ शकतं. म्हणूनच उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की ४५ च्या पुढच्या बाईत निदान लक्षणांवरून करा, एफएसएचवर विसंबू नका. ती तपासणी कामाची ठरते ती ४५ च्या आत, आणि चाळिशीच्या आत असेल तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तिला काहीच अर्थ उरत नाही.

तुमचं निदान तुमच्या तारखांतच आहे. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला आणि तो पुन्हा पुन्हा पडला, की रजोनिवृत्तीपूर्व काळ सुरू झाला असं धरतात. पाळी ६० दिवसांहून जास्त लांबू लागली की त्याचा शेवटचा टप्पा. सलग १२ महिने पाळी नाही, तर रजोनिवृत्ती झाली. भारतात ती सरासरी ४६-४७ च्या आसपास होते, युरोप-अमेरिकेपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे ४६ ला हा त्रास होणं अजिबात लवकर नाही.

आता डॉक्टरांना पटवायचं कसं? माझं ठाम मत आहे की विशेषणं सोडा आणि आकडे न्या. ‘खूप जातं’, ‘झोपच नाही’ ही वाक्यं डॉक्टर दिवसातून वीस वेळा ऐकतात. भिंतीवरचं कालनिर्णय किंवा साधी वही घ्या आणि रोज झोपण्यापूर्वी दोन मिनिटं द्या. ज्या दिवशी गेलं त्या दिवशी किती पॅड बदलले आणि त्यांतले किती पूर्ण भिजले होते, ते लिहा. रक्ताची गाठ पडली तर तिचा आकार लिहा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, तेवढी किंवा त्याहून मोठी गाठ म्हणजे रक्तस्राव जास्त. दिवसभरात किती वाफा आल्या, रात्री किती वेळा जाग आली, त्यांतल्या किती वेळा कपडे बदलावे लागले, हे नुसत्या रेघा मारून ठेवा. धडधड झाली तर वेळ, किती मिनिटं, आणि तेव्हा काय करत होता. चार ते आठ आठवड्यांची नोंद पुरते. जोडीला गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आठवून लिहा. लग्न, सण, प्रवास आठवले की तारखा बऱ्याचदा सापडतात. आठ आठवडे थांबवत नसेल तर दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा, पण कोऱ्या हाताने जाऊ नका.

यातली चूक हमखास होते ती अशी: बायका त्रास झाला त्याच दिवशी लिहितात. चांगले दिवसही लिहा. पाळीच्या आधीच्या आठवड्यातच चिडचिड आणि निद्रानाश वाढतो की महिनाभर सारखाच असतो, हे त्यावरूनच कळतं, आणि उपचार बदलतो.

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. तेव्हा सगळ्यात जास्त छळणाऱ्या दोनच गोष्टी आधी सांगा, आकड्यांसकट: ‘डॉक्टर, गेल्या पाळीत नऊ दिवस गेलं, दुसऱ्या दिवशी दहा पॅड पूर्ण भिजले. रात्री चार वेळा घामाने जाग येते, दिवसा कामात चुका होतात. मला यावर उपचार हवेत.’ शेवटचं वाक्य गाळू नका. तक्रार ऐकून धीर देता येतो, मागणीला मात्र हो किंवा नाही म्हणावं लागतं. पुन्हा ‘वयाचं आहे’ असं आलं, तर शांतपणे विचारा, ‘दुसरं काही कारण नाही हे कोणत्या तपासणीवरून ठरलं? आणि उपचार नको असं तुमचं मत असेल तर कारणासह केसपेपरवर लिहून द्याल का?’ हे विचारणं उद्धटपणा नाही. लिहायची वेळ आली की बरेच डॉक्टर पुन्हा नीट विचार करतात. सोबत नवरा किंवा बहीण येणार असेल तर त्यांना घरीच सांगून ठेवा की बोलणार मी, तुम्ही फक्त ‘हो, रात्री ही झोपत नाही’ एवढी साक्ष द्या. नाहीतर डॉक्टर आणि नवरा एकमेकांशी बोलतात आणि तुम्ही बाजूला राहता.

कोणत्या तपासण्या मागाव्यात? पाळी लांबली असेल तर सर्वांत आधी प्रेग्नन्सी टेस्ट, कारण या काळातही दिवस राहू शकतात. मग हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), उपाशीपोटीची साखर, बी-१२, रक्तदाब, आणि धडधड आहे म्हणून ईसीजी. थायरॉइड जास्त झालं तरी घाम, धडधड, निद्रानाश हेच होतं, आणि रक्त कमी असलं तरी धडधडतं. फेरिटिनवर अडून बसा. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आलेला असतो, आणि थकवा, केस गळणं, धाप लागणं हे सगळं त्यातून होतं. ताप किंवा सर्दी-खोकला असताना मात्र फेरिटिन करू नका, ते खोटं वाढलेलं येतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा. त्या रिपोर्ट फसवतात.

आता रक्तस्राव. तुमच्या यादीत थांबू नये अशी हीच गोष्ट आहे. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि हे सलग दोन तास चाललंय, किंवा चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. सात दिवसांहून जास्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, संबंधानंतर जाणं, यांची तपासणी झालीच पाहिजे. १२ महिने पाळी बंद राहून पुन्हा थेंबभर डाग दिसला तरीही. तपासणी म्हणजे योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींची तपासणी) आणि तुमच्या वयात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून केलेली बायॉप्सी. ती पातळ नळीने ओपीडीतच होते, काही मिनिटं पोटात कळ येते. सोनोग्राफीत ‘अस्तर १२ मि.मी.’ असं लिहून आलं की घाबरगुंडी उडते. पाळी चालू असलेल्या बाईत अस्तर महिन्याभरात कमी-जास्त होतच असतं, पाळीच्या आधी ते जाडच असतं. म्हणून शक्यतो पाळी संपल्या-संपल्या सोनोग्राफी करा आणि निव्वळ जाडीवरून कोणी मोठा निर्णय घेत असेल तर बायॉप्सीचा रिपोर्ट मागा.

तो मोठा निर्णय म्हणजे ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’. कॅन्सर, गर्भाशयातल्या मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रिया योग्यच. पण पहिल्याच भेटीत ती सुचवली गेली तर थांबा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिलंय. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. आधी काय काय करून झालंय, हे विचारा: पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या (पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर चालत नाहीत), मेफेनॅमिक ॲसिड, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, आणि ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गर्भाशयात बसवायची तांबीसारखी साधनं. ही शेवटची गोष्ट रक्तस्रावावर फार गुणकारी आहे, पण पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात हे आधी सांगितलं जात नाही, म्हणून बायका ती काढून घेतात. आणि पिशवी काढायचीच ठरली तर बीजकोश ठेवणार की काढणार, हे लेखी विचारा. दोन्ही काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि वाफा बऱ्याचदा जास्तच छळतात.

वाफा आणि घामावर सर्वांत परिणामकारक औषध आजही हार्मोन उपचार, म्हणजे इस्ट्रोजेन बाहेरून देणं, हेच आहे. डॉक्टरांची भीती बरीचशी २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आली आहे. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळ्याही जुन्या प्रकारच्या होत्या. स्तनाचा कर्करोग वाढला तो १०,००० बायकांमागे वर्षाला सुमारे ८ ने. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून १० वर्षांच्या आत सुरू केलं आणि मनाई नसेल, तर बहुतेकींना फायदा जास्त असतो, असं आजचं मत आहे. मनाई कुणाला? स्तनाचा कर्करोग झालेला, कारण न समजलेला रक्तस्राव, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, यकृताचा चालू आजार. म्हणूनच तुमच्या बाबतीत रक्तस्रावाचा छडा आधी लागायला हवा, हार्मोन नंतर. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीही घ्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढत राहतं. त्वचेवर चोळायच्या इस्ट्रोजेनच्या जेलमध्ये गुठळीचा धोका गोळ्यांपेक्षा कमी. हे गर्भनिरोधक मात्र नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

हार्मोन चालत नसतील किंवा नको असतील तर कमी मात्रेत व्हेनलाफॅक्सिन, किंवा रात्रीच्या घामासाठी झोपताना गॅबापेंटिन देतात. पहिल्यावर ‘नैराश्याचं औषध’ असं छापलेलं पाहून दचकू नका, वाफांवर ते वेगळ्या मात्रेत चालतं. योनीचा कोरडेपणा आणि वारंवार लघवीची जळजळ यांवर इस्ट्रिऑलची मलम आहे: साधारण दोन आठवडे रोज रात्री अर्धा ग्रॅम, मग आठवड्यातून दोनदा. हा त्रास डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका लाजेने सांगत नाहीत. कागदावर लिहून पुढे सरकवा.

तुम्हाला दिलेल्या झोपेच्या गोळ्यांचं नाव वाचा. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असेल तर त्यांची सवय लागते आणि वाफा त्यांनी थांबत नाहीत. काही आठवडे रोज घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका, मात्रा कमी करत नेण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून घ्या. मन फार खचलं, जगणं नको वाटलं, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. आणि धडधडीबरोबर छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, धाप असं काही झालं तर ते वाफेच्या खात्यावर न टाकता लगेच रुग्णालयात जा.

इतकं करूनही डॉक्टर ऐकत नसतील तर बदला. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नवीन डॉक्टर शोधताना फोनवरच विचारा, ‘रजोनिवृत्तीचे रुग्ण पाहता का, हार्मोन उपचार देता का?’ इंडियन मेनोपॉज सोसायटीचे सदस्य मोठ्या शहरांत सापडतात. गावाकडे असाल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी धरा, तिथे बायॉप्सीही कमी पैशांत होते. तोवर निदान रक्त, थायरॉइड आणि ईसीजी तुमचे नेहमीचे फिजिशियनही करून देतील.

घरी करण्यासारखं थोडं आहे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, रात्री तिखट जेवण कमी, सुती कपडे, उशाशी पाणी. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियम तिच्यापासून दोन तास दूर, थायरॉइडची गोळी चार तास. ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांवर रक्तस्रावाचं कारण कळेपर्यंत पैसे घालू नका.

उपचार सुरू झाला की वही बंद करू नका. वाफा साधारण चार आठवड्यांत उतरू लागतात, पण औषध लागू पडलं की नाही हे तीन महिन्यांनी ठरवायचं. त्या भेटीला आधीचं पान आणि आताचं पान शेजारी ठेवा. मात्रा वाढवायची, औषध बदलायचं की तेच ठेवायचं, हे त्या दोन पानांवरून ठरतं.