तुझ्या हरलेल्या डावाबद्दल

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या बुद्धिबळ स्पर्धेतल्या पाचव्या फेरीची स्कोअरशीट, म्हणजे चालींची नोंद, पट मांडून पाहिली. ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कुठे चुकली यावर तू दोन पानं लिहिलीस. ओपनिंग ठीकच होती. डाव गेला तो 31व्या चालीला, आणि तिच्याबद्दल तुझ्या पत्रात एकच ओळ: ‘तिथे लक्षच गेलं नाही.’

मला त्या ओळीबद्दल बोलायचं आहे. प्रतिस्पर्ध्याने घोडा मागे घेतला तेव्हा तुझ्या घड्याळात 24 मिनिटं होती. शेजारी तूच लिहून ठेवली आहेस. तरी हत्ती लगेच सरकला, कारण ती चाल आधीच ठरली होती. घोडा हलल्याने त्याचा उंट बिनजोर, म्हणजे कुणाच्या आधाराविना, झाला होता. तो तुला दिसला नाही, कारण समोरचा आता चुकेल हे तुझ्या गावीही नव्हतं.

2014 साली सोचीच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, सहाव्या डावात, विश्वनाथन आनंदचंही असंच झालं. मॅग्नस कार्लसनने 26व्या चालीला राजा डी2 या घरावर नेला. घोडचूकच, आणि शिक्षाही घोड्याच्याच हाती होती! आनंदने घोड्याने ई5 चं प्यादं मारायचं. कार्लसनने हत्ती मारला तर सी4 चं प्यादं शह देत घ्यायचं, आणखी एक शह देऊन मग हत्तीची परतफेड. दोन प्यादी पदरात. पण आनंदने झटकन प्यादं ए4 वर सरकवलं. डाव कार्लसनने जिंकला.

म्हणून समोरच्याची चाल झाली की आधी ती लिही. उत्तर देऊन मग लिहिलेलंही नियमात चालतं, पण तू आधीच लिही. घराचं नाव लिहिताना नजर त्या घरावर जातेच. ‘याला काय मारायचंय’ हे तू विचारतेसच. ‘यानं काय सोडलं’ हेही विचार. तोवर हात मांडीखाली. मोहऱ्याला हात लागला की ते हलवावंच लागतं. (माझ्या या सवयीला लोक हसायचे. हसू देत.)

घड्याळात पाच मिनिटांहून कमी उरली आणि दर चालीमागे निदान 30 सेकंद वाढवून मिळत नसतील, तर लिहिण्याची सक्ती नसते. तेव्हाच्या चुका वेगळ्या, त्यांचं नंतर बघू.

आता मागचे दहा डाव काढ. घाईने दिलेल्या उत्तरांवर पेन्सिलीने खूण कर आणि मला पाठव. इंजिनचे, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रॅमचे, आकडे नकोत.