आधी बेट ओळख, मग मासे मोज

माशांची यादी करायला बसण्याआधी बेट कसं बनलंय ते बघ. पॅसिफिक महासागरातल्या ताहितीसारख्या उंच ज्वालामुखी बेटावर नद्या गाळ आणि गोडं पाणी आणतात. त्यामुळे गढूळ खाडी, उथळ लगून (रीफच्या, म्हणजे प्रवाळभित्तीच्या, आतलं पाणी), रीफबाहेरचा स्वच्छ पाण्याचा उतार, असे वेगवेगळे अधिवास जवळजवळच सापडतात. तिथल्याच रांगिरोआसारख्या कंकणद्वीपावर, म्हणजे लगूनभोवती कड्यासारख्या पसरलेल्या सखल प्रवाळबेटावर, नदीच नाही. तिथे लगूनच्या तोंडाशी थांब. भरतीचं पाणी आत शिरताना करडे शार्क प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी टिकून असतात, बघत राहावंसं वाटतं! मात्र बेटाच्या प्रकारावरच सगळं ढकलू नकोस. इंडोनेशिया-फिलिपिन्सकडून पॅसिफिकमध्ये पूर्वेला जावं तशा माशांच्या जाती कमी होत जातात. रीफचं क्षेत्रफळही नोंदव, आणि मासेमारी किती होते ते तिथल्या कोळ्यांना विचारच.