प्लगला बोट लावलं की रीडिंग का सरकतं?

प्रश्न: डीसी कपल्ड (म्हणजे स्थिर व्होल्टेजही पुढे जाऊ देणारा) फोनो प्रीॲम्प, रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट, बनवलाय, गेन ६० डीबी. इनपुटची दोन टोकं थेट जोडून (शॉर्ट करून) आउटपुटचा डीसी ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही उरणारं स्थिर व्होल्टेज, मोजतोय, पण शॉर्टिंग प्लगला बोट लावलं की आकडा २-३ मिलिव्होल्ट सरकतो. मित्र म्हणतो दोन धातू जोडले की व्होल्टेज तयार होतं, त्यामुळे प्रत्येक सोल्डर जॉइंट आवाज बिघडवतो. खरंय का?

उत्तर: पहिलं अर्धं खरंय. वेगवेगळ्या धातूंचे दोन जोड कमी-जास्त गरम असले की सर्किटमध्ये बारीक व्होल्टेज येतं, भौतिकशास्त्रज्ञ सीबेकने १८२१ मध्ये पाहिलेला परिणाम तो हाच आणि तापमान मोजणारा थर्मोकपलही त्यावरच चालतो. पण नुसता जोड असून काही होत नाही, तापमानात फरक पडावा लागतो, दोन्ही जोड सारखेच गरम असतील तर एकाचं व्होल्टेज दुसऱ्यात वजा होऊन जातं. तांबं आणि शिसं-कथलाचं सोल्डर यांच्यात एका अंशाला साधारण १ ते ३ मायक्रोव्होल्ट येतात, आणि तुमचा गेन ६० डीबी, म्हणजे १००० पट, म्हणजे बोटाच्या उबेने इनपुटला २-३ मायक्रोव्होल्ट आले की आउटपुटला तेवढेच मिलिव्होल्ट दिसणारच! सोन्याचा मुलामा प्लगला गंजू देत नाही, पण हे व्होल्टेज काही त्याने शून्य होत नाही. काळवंडलेलं तांबं मात्र खरंच टाळा, तांबं आणि त्याचं ऑक्साइड मिळून अंशाला १००० मायक्रोव्होल्टपर्यंत जाऊ शकतं.

आवाजाचं म्हणाल तर मित्राचं चुकतंय. जॉइंट गरम-थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून हे व्होल्टेज डीसी किंवा फार संथ ड्रिफ्ट (हळूहळू सरकणं) असतं, कानाला ऐकू येणाऱ्या २० हर्ट्झच्या बरंच खाली. चांगला जॉइंट डायोडसारखा, म्हणजे एकाच दिशेने करंट जाऊ देणारा, वागत नाही, सिग्नल कुठल्याही दिशेने गेला तरी त्याचं व्होल्टेज तेच, मग त्यातून डिस्टॉर्शन (सिग्नलचा आकार बिघडणं) येणार कुठून? सैल किंवा गंजलेला कॉन्टॅक्ट आवाज बिघडवतो, पण ते दुखणं वेगळं.

मोजताना शॉर्टसाठी घासून स्वच्छ केलेली तांब्याची तार घ्या, वर खोकं झाका, पंख्याचा वारा लागू देऊ नका, सर्किट नीट गरम होऊन रीडिंग स्थिर झालं की मगच आकडा लिहा. एवढं करून जो ऑफसेट उरेल तो बहुतेक ऑपॅम्पचा, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचा, स्वतःचा. आणि पुढे कधी कॉन्टॅक्टचा बारीक रोध (मिलिओम) मोजायचा झाला तर एकदा सरळ आणि एकदा उलटा करंट देऊन दोन रीडिंग घ्या, वजाबाकी करून अर्ध करा, जॉइंटचं व्होल्टेज दोन्हीकडे सारखंच असल्याने आपोआप उडून जातं.